ऑनलाइन जुगाराच्या खात्यात पैसे भरणं: बंद काय, चालू काय, आणि बँक खातं मध्येच का गोठतं?

जमाखर्च (धागाकर्ता)

सध्या एक वाक्य जिकडेतिकडे ऐकू येतं: 'नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षाच नाही, मग पैसे भरायला काय हरकत?'

यातला पहिला भाग खरा आहे. ऑनलाइन गेमिंगचा नवा केंद्रीय कायदा २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत मंजूर झाला, २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वर्षानुवर्षांचा वाद या कायद्यानं विचारातच घेतला नाही. रमी, पोकर, फँटसी क्रिकेट सगळं एका ओळीत. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही.

दुसऱ्या भागात गडबड आहे. कायद्याचा हात खेळणाऱ्यावर पडत नाही, पैशाच्या वाटेवर पडतो. बँक, पेमेंट कंपनी, वॉलेट यांनी असा व्यवहार होऊ दिला तर त्यांनाही ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून सरळ वाट बंद. आडवाटेनं जाणारा पैसा तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून जातो आणि त्यात भरणाऱ्याचं खातंही अडकतं.

जाणकारांनी लिहावं: (१) कायदेशीर असं काय उरलंय, (२) खातं नेमकं कशामुळे गोठतं आणि सुटतं कसं, (३) आधीच्या जिंकलेल्या पैशांच्या कराचं काय. 'कुठली साइट चालते' हे विचारू नये, संपादक प्रतिसाद उडवतील.

उंडगा

म्हणजे अधिकृत जुगार आता फक्त शेअर बाजारातल्या ऑप्शन्सच्या एक्स्पायरीला! (हलके घ्या.)

माजी_कॅशियर

पहिल्या प्रश्नाच्या आधी कार्डांचं सांगतो, कारण बरेच जण तिथेच धडकतात.

कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक दुकानाला चार आकडी वर्गक्रमांक असतो. जुगाराचा ७९९५. त्या क्रमांकावरून मागणी आली की भारतीय कार्ड ती बहुधा नाकारतं. परदेशी साइट असेल तर आणखी एक भिंत आहे. परकीय चलनाचे २००० सालचे चालू खात्यावरील व्यवहारांचे नियम आहेत, त्यांच्या पहिल्या अनुसूचीत लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक्स यांसाठी परदेशी पैसे पाठवायला बंदी आहे. वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवायची जी सवलत आहे ती या कामाला वापरता येत नाही. फॉर्मवर 'भेट' किंवा 'प्रवास' असं कारण लिहिलं तर ती खोटी घोषणा होते. फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) कलम १३ खाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

कार्ड नाकारलं गेलं तर तांत्रिक बिघाड समजून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नयेत. बँकेच्या देखरेख यंत्रणेला असे ओळीनं आलेले नकार लगेच दिसतात.

पणजीचो

(१) चं उत्तर गोव्यापुरतं. १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये १३-अ कलम घातलं, त्यानं पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांना परवानगी मिळाली. पुढे त्यात जहाजं आली. म्हणून जमिनीवर यंत्रं आणि मांडवीतल्या बोटींवर पत्ते-रूले, अशी विभागणी. हे सगळं प्रत्यक्ष जाऊन खेळायचं. 'गोव्याचं लायसन आहे' म्हणून मोबाइलवर कॅसिनो विकणारे थापा मारतात. बोटीचा परवाना बोटीपुरताच असतो.

पैसे भरायचं म्हणाल तर काउंटरवर चिप्स घ्यायच्या. रोखीनं एका दिवसात एका माणसाकडून २ लाख किंवा जास्त घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे (जुनं कलम २६९एसटी), दंड तेवढ्याच रकमेचा आणि तो घेणाऱ्याला. म्हणून काउंटरवाले आधीच थांबवतात. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, आधी २८ होता.

बे_एके_बे

महाराष्ट्रात उरलेलं: राज्य लॉटरी (१९६९ पासून), आणि महालक्ष्मी व पुण्याच्या रेसकोर्सवरची खिडकी. रेसमध्ये घोड्याच्या आणि जॉकीच्या कौशल्याचा भाग मोठा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली तामिळनाडूच्या खटल्यात म्हटलंय. तिथेही ४० टक्के जीएसटी. आपल्याकडे कॅसिनोचा १९७६ चा एक कायदा कागदावर होता, अंमलात कधीच आला नाही, २०२३ मध्ये रद्द केला. मुख्य यादी एवढीच.

शंकेखोर

बंदीमुळे काय झालं ते बघा. ज्या कंपन्या पॅन मागत होत्या, कर कापत होत्या, पैसे परत देत होत्या, त्या बंद. ज्या काहीच करत नव्हत्या त्या परदेशात बसून चालूच. सरकारनं स्वतःच्याच कराच्या पायावर धोंडा पाडला. आणि वेबसाइट ब्लॉक करून काय होतं? नावात एक आकडा वाढवून संध्याकाळी पुन्हा हजर.

सायबरसावध

शंकेखोर, ब्लॉकिंगबद्दल अर्धा सहमत. जीएसटीच्या गुप्तचर विभागानं मार्च २०२५ मध्ये ३५७ परदेशी साइट बंद केल्याचं जाहीर केलं होतं, आणि नव्या नावानं परत येणं हाच त्या धंद्याचा रिवाज. पण धागा पैशाबद्दल आहे, आणि पैशाची वाट नावासारखी संध्याकाळी बदलता येत नाही. ती कशी चालते ते सविस्तर लिहितो.

बेकायदा साइटला पेमेंट कंपनी मिळत नाही. म्हणून ती भाड्याची खाती वापरते. गावाकडचा पोरगा, कॉलेजचा विद्यार्थी, बंद पडलेल्या दुकानाचं चालू खातं. त्याच्याकडून पासबुक, एटीएम कार्ड, खात्याला जोडलेलं सिम असं सगळं 'किट' घेतात. खाली एजंट असतो, तो 'आयडी' (साइटवर खेळायची खाती) वाटतो, त्याच्यावर 'पॅनल'वाला (अशा एजंटांची शाखा चालवणारा). महादेव या सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणात ईडीनं जे मांडलं त्यातही हेच होतं: पॅनल फ्रँचायझीसारखे वाटायचे आणि नफ्यात वाटणी.

पैसे भरताना स्क्रीनवर यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक येतो. पैसे पाठवल्यावर १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) टाकायला सांगतात. पलीकडे माणूस बसून तो यूटीआर खात्याच्या नोंदीशी जुळवतो आणि मग शिल्लक दाखवतो. ही शिल्लक म्हणजे फक्त स्क्रीनवरचा आकडा. खरे पैसे त्या खात्यातून काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात गेलेले असतात.

बिघडतं कुठे? स्क्रीनवर दाखवलेलं खातं तासाभरात बदलतं. जुन्या आयडीवर पैसे गेले की 'आम्हाला मिळालेच नाहीत' हे उत्तर. खातं मधल्या मध्ये गोठलं तरी तेच उत्तर. यूटीआरचा एक आकडा चुकला तरी तेच. दाद मागायला समोर कंपनी नाही, टेलिग्रामवरचं एक नाव आहे. यूपीआयमधून तक्रार केली तर बँक म्हणते, व्यवहार यशस्वी आहे आणि पिन तुम्हीच टाकला.

एक खूण सगळ्यांना दिसते तरी दुर्लक्ष होतं. २०२५ च्या जूनअखेरपासून यूपीआयमध्ये बँकेत नोंदवलेलं खरं नावच दाखवावं लागतं. क्रिकेटच्या साइटवर पैसे भरताना समोर कुणा इलेक्ट्रिकल्सचं किंवा अनोळखी व्यक्तीचं नाव आलं, तर ते खातं भाड्याचं आहे.

पोटभाडेकरू

दंडवत. वाचनखूण साठवली.

एक शंका. हे सगळं भरताना. पण ज्यांची खाती गोठली त्यातले बरेच म्हणतात, 'मी तर फक्त जिंकलेले पैसे काढले.' मग गोठलं कसं?

सायबरसावध

मुद्द्याला हात घातलात. खातं बहुधा भरताना अडकत नाही, काढताना अडकतं.

साइट जिंकलेले पैसे तिच्या खात्यातून देत नाही, कारण तिचं खातंच नाही. त्या क्षणी ज्या भाड्याच्या खात्यात पैसे असतील त्यातून देते. त्याच खात्यात 'डिजिटल अटक'वाल्यानं (फोनवर पोलीस असल्याचं भासवणाऱ्यानं) फसवलेल्या कुणा निवृत्त शिक्षकाचे पैसेही आलेले असतात. खाती भाड्यानं देणारे एकाच गिऱ्हाइकाला देत नाहीत.

आता तो शिक्षक १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर तक्रार पोर्टलवर नोंद करतो. तिथून तिकीट पहिल्या बँकेला जातं, ती पुढच्या बँकेचं नाव टाकते, ती त्यापुढच्या. पैसा ज्या ज्या खात्यातून गेला त्या प्रत्येक खात्यावर खूण लागते. तिसऱ्या-चौथ्या थरात तुमचं खातं असेल, तर फसवणुकीतला पैसा तुमच्याकडे आला एवढंच पोलिसांना दिसतं. ५,००० काढले म्हणून पगाराचं पूर्ण खातं बंद होण्याची कारणं अशी असतात. तक्रार हैदराबादला, बँक पुण्यात, खातेदार लातूरला.

जमाखर्च (धागाकर्ता)

हा भाग माझ्या मूळ मांडणीत नव्हता. धाग्याचं नाव 'पैसे काढणं' ठेवायला हवं होतं बहुतेक.

माजी_कॅशियर

शाखेत दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात, त्यानं पुढचा सगळा पत्रव्यवहार चुकतो.

लीन म्हणजे ठरावीक रकमेवर धरलेला हात. खात्यात ८०,००० आहेत आणि ५,००० वर लीन आहे, तर उरलेले ७५,००० वापरता येतात. डेबिट फ्रीझ म्हणजे खात्यात पैसे येतात पण काहीच बाहेर जात नाही. हप्ते परत जातात, प्रत्येक परतीचा दंड लागतो, सिबिल खराब होतं. पूर्ण फ्रीझ असेल तर पहिली मागणी ती उठवून रकमेपुरतं लीन ठेवण्याची करायची. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये, वादातल्या रकमेपुरतंच खातं अडवावं असा निकाल दिलाय. तो पत्रात लिहायला हरकत नाही.

शाखेत गेल्यावर 'वरून झालंय' एवढ्यावर परत येऊ नका. चार गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, कुठलं पोलीस ठाणं किंवा सायबर शाखा, किती रक्कम, आणि कुठला व्यवहार (तारीख आणि यूटीआर). ही माहिती बँकेकडे असते. यूपीआय आणि आयएमपीएसचा क्रमांक १२ आकडी, एनईएफटीचा १६ अक्षरी, आरटीजीएसचा २२ अक्षरी. यावरून नेमकी नोंद शोधता येते.

तोवर पगार दुसऱ्या बँकेत वळवा. त्याच बँकेत दुसरं खातं काढून उपयोग नाही, ग्राहक क्रमांक एकच असतो.

काळाकोट

पुढची पायरी. पोलीस खातं गोठवतात ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली (जुनं १०२), आणि तसं दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवणं त्यांना बंधनकारक आहे. तपास अधिकाऱ्याला ईमेलनं पाठवा: ओळखपत्र, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, वादातल्या नोंदीचा खुलासा. खुलासा खरा लिहा. 'मित्रानं उसने परत केले' असं लिहिलं आणि त्या 'मित्रा'चं खातं भाड्याचं निघालं, तर साक्षीदाराचा संशयित व्हायला वेळ लागत नाही.

अधिकाऱ्याचं समाधान झालं तर तो बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (अशी प्रकरणं बघणाऱ्याला) ना-हरकत पाठवतो. नाही झालं तर जिथे तक्रार आहे तिथल्या दंडाधिकाऱ्याकडे कलम ५०३ (जुनं ४५७) खाली अर्ज. त्याही पुढे उच्च न्यायालयात रिट. आपल्याकडे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गोठवण्याविरुद्ध जाऊन फायदा नाही, ते पोलिसांचं काम आहे. बँक माहितीच देत नसेल तर मात्र लेखी तक्रारीनंतर ३० दिवस थांबून लोकपालाकडे जाता येतं.

फोनवरून 'अमुक भरा, खातं सोडवतो' म्हणणारे 'सायबर अधिकारी' आणि एजंट ही फसवणुकीची दुसरी फेरी आहे. ना-हरकतीला कुठलीही फी नसते.

बारक्या

मग बिटकॉइन, यूएसडीटी अशा आभासी चलनानं भरलं तर? त्यात बँकच नाही ना.

सायबरसावध

बारक्या, यूएसडीटी घेतोस कुठून? रुपये देऊनच ना. एका अनोळखी विक्रेत्याच्या खात्यात यूपीआय करतोस, आणि तो विक्रेता दिवसभर अशाच लोकांकडून पैसे घेत असतो. वर लिहिलेली साखळीच आहे, मधली एक कडी वाढली. विकताना तर जास्तच धोका: तुझ्या खात्यात आलेले रुपये कुणाचे हे तुला कळायला मार्ग नाही.

शिवाय आभासी मालमत्तेच्या हस्तांतरावर १ टक्का टीडीएस, नफ्यावर ३० टक्के, तोटा वजा होत नाही. साइटनं पैसे दिले नाहीत तर तक्रार करायला एक पत्ता आणि काही अक्षरं एवढंच हातात राहतं.

किराणा_भुसार

दुकानदारांसाठी. 'तुमचा क्यूआर आणि चालू खातं आम्हाला द्या, उलाढालीवर टक्केवारी देतो' असं सांगणारे फिरतात. हे घेणारे सट्टेवालेच असतात. ओळखायचं कसं: रात्री उशिरा येणाऱ्या रकमा, ५००, १,०००, २,००० अशा गोल, सगळ्या परराज्यांतून, आणि मालाची विक्री शून्य. खाते आपल्या नावावर म्हणजे जीएसटीची उलाढालही आपल्या नावावर. ईडीच्या कागदात नाव येतं ते वेगळंच. कमिशन मिळतं दोन-चार महिने, पुढे खुलासे करण्यात वर्षं जातात.

माजी_कॅशियर

+१. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं 'म्यूलहंटर' नावाची प्रणाली काढली आहे, ती भाड्याच्या ('म्यूल') खात्यांच्या खुणा शोधते. खात्यातल्या व्यवहारांची वागणूक संशयास्पद आहे का, ते बघते.

शंकेखोर

एका गोष्टीबद्दल कुणीच बोलत नाही. हरल्यावर १९३० वर 'माझी फसवणूक झाली' म्हणून तक्रार ठोकणारेही आहेत. स्वतः पिन टाकून आयपीएलवर लावले, हरले, आणि आता फसवणूक! त्यांच्या तक्रारीमुळे पलीकडे कुणा तरी तिसऱ्याचं खातं गोठतं.

काळाकोट

बरोबर, आणि हे अंगाशी येतं. लोकसेवकाला खोटी माहिती देणं हा न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे (जुनं १८२). मात्र साइटनं जिंकलेली शिल्लक दाखवून 'काढायला आधी कर भरा, मग सुरक्षा ठेव भरा' असं करत पैसे उकळले असतील, तर ती खरीखुरी फसवणूक आहे. तक्रारीत जुगार लपवू नये, जे झालं ते तसंच लिहावं. कर कधीही खेळणाऱ्याकडून वेगळा मागून घेत नाहीत. कायदेशीर कंपनी देय रकमेतून कापत असे.

जाता जाता एक जुनी गोष्ट, मुंबई इलाख्याची खास. भारतीय करार कायदा १८७२, कलम ३०: पैजेचा करार रद्दबातल, म्हणजे जिंकलेल्या पैशासाठी दावा लावता येत नाही. घोड्यांच्या शर्यतीत ५०० रुपये किंवा जास्तीच्या बक्षिसाला अपवाद आहे. पण त्याच्याही आधी १८६५ मध्ये मुंबईचा वेगळा कायदा झाला. त्यानं पैजेला मदत करणारे जोडकरारही रद्दबातल ठरवले. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ च्या घेरुलाल पारख प्रकरणात हा फरक नीट मांडलाय: इतरत्र पैज रद्दबातल असली तरी बेकायदा नाही, त्यामुळे तिच्या भोवतीचे करार टिकू शकतात; मुंबईत तेही टिकत नाहीत.

व्यवहारात अर्थ असा की महाराष्ट्रात कुणाला सट्ट्यासाठी म्हणून पैसे उसने दिले, तर ते कोर्टातून वसूल होत नाहीत.

उंडगा

म्हणजे मेव्हण्याला आता १८६५ सालचं कारण सांगता येईल. काळाकोट, उपकार झाले!

बे_एके_बे

(३) राहिलाय. आकड्यांनी सांगतो. कलमं जुन्या कायद्याची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ मुळे क्रमांक बदलले.

१ एप्रिल २०२३ पासून १९४बीए खाली निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस. पैसे काढताना सूत्र: काढलेली रक्कम वजा (त्या वर्षात भरलेली रक्कम अधिक वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक). समजा १०,००० भरले, ४०,००० काढले. निव्वळ ३०,०००, टीडीएस ९,०००. उलट २०,००० भरून १५,००० काढले तर शून्य. ३१ मार्चला खात्यात राहिलेली शिल्लकही काढल्यासारखी धरून पुन्हा हिशेब होतो, म्हणून 'काढलेच नाहीत तर कर कसला' हे चालत नाही. एका कंपनीवरचा तोटा दुसऱ्या कंपनीच्या टीडीएसच्या हिशेबात येत नाही.

विवरणपत्र 'सहज' (आयटीआर-१) चालणार नाही, आयटीआर-२ (धंदा असेल तर ३) लागेल. ११५बीबीजे खाली ३० टक्के, ४ टक्के उपकर धरून ३१.२. उत्पन्न किमान मर्यादेच्या खाली असलं तरी या रकमेवर कर लागतोच. २६एएस मध्ये (कापलेल्या कराच्या उताऱ्यात) १९४बीएची नोंद आहे आणि विवरणपत्रात उत्पन्न नाही, अशी तफावत असली की नोटीस येते.

जीएसटीबद्दल गैरसमज: १ ऑक्टोबर २०२३ पासून तो भरलेल्या पूर्ण रकमेवर होता. १०० भरले तर १०० भागिले १.२८, म्हणजे ७८.१३ खेळायला आणि २१.८७ कर. कंपन्या तेवढा बोनस देऊन तो झाकायच्या. न खेळता पैसे परत काढले तरी कर परत मिळत नव्हता, नियम ३१बी मध्ये तसं स्पष्ट आहे. आणि बेकायदा साइटवरून जिंकलेल्या पैशालाही आयकर लागतो. उत्पन्न कायदेशीर आहे का, हे आयकर खातं विचारत नाही.

लंडनचा_भाऊ

तुलनेसाठी. ब्रिटनमध्ये जुगार कायदेशीर, पण १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डानं भरायला बंदी. क्रेडिट कार्डावरून भरलेलं ई-वॉलेटही त्यात येतं. बँकेच्या ॲपमध्येच जुगार बंद करायचं बटण असतं. काही बँकांत ते परत उघडायला ४८ तास थांबावं लागतं. त्या वेळेत बहुतेकांची तलफ जाते. ऑस्ट्रेलियानंही ११ जून २०२४ पासून ऑनलाइन सट्ट्याला क्रेडिट कार्ड आणि आभासी चलन बंद केलं.

न्यूजर्सीकर

आमच्याकडे ऑनलाइन कॅसिनो नोव्हेंबर २०१३ पासून कायदेशीर, मात्र राज्याच्या हद्दीत असाल तरच. फोनचं ठिकाण तपासतात. खातं बँकेशी थेट जोडून, प्रीपेड कार्डानं किंवा कॅसिनोच्या खिडकीवर रोख भरता येतं. क्रेडिट कार्ड घेतलं तरी बँक बहुधा 'रोख उचल' धरते: लगेच व्याज आणि वर फी. २००६ च्या केंद्रीय कायद्यानं इथेही खेळणाऱ्याला हात न लावता पैसे घेणाऱ्या कंपन्या आणि बँका यांना धरलं होतं, भारतातली पद्धत तिच्यासारखीच आहे. आणि २०२६ पासून हरलेल्या रकमेपैकी ९० टक्केच वजा करता येते, म्हणजे जेवढे जिंकले तेवढेच हरले तरी कर लागू शकतो. भारतात सुट्टीवर आल्यावर इथली ॲप्स उघडायचा प्रयत्न करू नका, खातं तपासणीत जाऊ शकतं.

पोटभाडेकरू

ब्रिटनसारखं बटण आपल्याकडे नाही का?

माजी_कॅशियर

हुबेहूब तसं नाही. जवळचे उपाय आहेत. १ ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक कार्डाला ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार वेगवेगळे बंद-चालू करायची सोय बँकेला द्यावीच लागते. परदेशी कायम बंद ठेवा. यूपीआयची दिवसाची मर्यादा ॲपमध्ये खाली आणा. ऑटोपेमध्ये जाऊन जुन्या गेमिंग ॲपचे आदेश रद्द करा, ॲप काढून टाकल्यानं आदेश रद्द होत नाही. घरात कुणाला सवय लागली असेल तर मोठी शिल्लक यूपीआय न जोडलेल्या खात्यात ठेवणं सगळ्यात परिणामकारक. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतक्रमांकावर (१४४१६) मराठीतही बोलता येतं.

संपादक

'बंदी योग्य की अयोग्य' यावरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. टेलिग्रामचे दुवे देणारं एक सदस्यखातं बंद केलं आहे.

बारक्या

मूळ प्रश्नावर येतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे पक्कं ना? महाराष्ट्राचा जुना कायदा आहे म्हणतात.

काळाकोट

केंद्राच्या कायद्यात नाही. महाराष्ट्राचा १८८७ चा कायदा जुगाराच्या अड्ड्यावर रचलेला आहे: अड्डा चालवणारा कलम ४, अड्ड्यावर सापडणारा कलम ५. फ्लॅट भाड्यानं घेऊन लॅपटॉप, फोन मांडून सट्टा घेणाऱ्या टोळ्यांवर धाड पडते ती याच कायद्यानं, आणि तिथे 'मी फक्त खेळायला आलो होतो' म्हणणारा कलम ५ मध्ये जातो. घरी एकट्यानं फोनवर खेळणाऱ्याला तो लावणं कठीण. पण त्याच माणसानं दोन मित्रांचे पैसे आपल्या खात्यात घेऊन पुढे भरले, तर तो खेळणारा राहिला नाही. नवा कायदा त्याच्याकडे व्यवहार करून देणारा म्हणून बघू शकतो. 'आयडी' वाटून कमिशन घेणाऱ्यांचं तर बोलायलाच नको.

जमाखर्च (धागाकर्ता)

तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. माजी_कॅशियर, बँकेला द्यायच्या पत्राचा मजकूर इथे टाकाल का? लोक ऐनवेळी शोधत बसतात.

माजी_कॅशियर

शाखा व्यवस्थापकांच्या नावे, प्रत नोडल अधिकाऱ्यांना:

'माझ्या बचत खाते क्र. ___ वर दि. ___ पासून डेबिट फ्रीझ / लीन आहे. कृपया लेखी कळवावे: १) तक्रारीचा पोचक्रमांक, २) पोलीस ठाणे व अधिकाऱ्याचा ईमेल, ३) वादातील रक्कम, ४) संबंधित व्यवहाराची तारीख व यूटीआर. वादातील रकमेपुरते लीन ठेवून उर्वरित खाते चालू करावे, अथवा तसे करता येत नसल्यास कारण व संबंधित आदेशाची प्रत द्यावी. माझे कर्जाचे हप्ते या खात्यातून जातात, त्यांच्या परतीचा दंड आकारू नये.'

दोन प्रती न्या, एकीवर तारखेसकट शिक्का घ्या. लोकपालाचे ३० दिवस त्या शिक्क्यापासून मोजतात. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी हेच पत्र बँकेत नोंदवलेल्या ईमेलवरून पाठवा.